टँकरचा केक

४ जानेवारी, रविवार

नवऱ्याच्या पोराला, रुआनला, चोवीस तारखेला सहा वर्षं पूर्ण होतात. शनिवार आहे. मी या घरात आले त्याला दीड वर्ष झालं, पण गेल्या वाढदिवसाला पोरगं कांजिण्यांनी झोपून होतं, म्हणजे हा माझा पहिलाच. आज कॉफी पिताना जेनिवाल्दोला सांगून टाकलं की यंदा घरी पार्टी करायची. माझा नवरा म्हणाला, "कशाने?" एवढंच. जीन्स धुण्याच्या कारखान्यात तो आठवड्यातले सहा दिवस रंगात हात बुडवून असतो, मनगटापर्यंत निळा. रविवारी त्याच्या तोंडून दोनाच्या वर शब्द निघाले तर लॉटरी लागली म्हणायची. मी म्हटलं, अंथरूण पाहूनच पाय पसरू, पण पसरू तर खरं! त्याने खांदे उडवले. मी तो होकार धरला.

ही वही दोऱ्याच्या दुकानात फुकट मिळाली. मी घरी बसून जीन्सचे मागचे खिसे लावते. दुपारी मशीनची मोटर तापते, अर्धा तास निववावी लागते, तेवढ्यात लिहीन. शेजारच्या किटेरियाबाईंना सांगितलं की गावभर होतं, वहीला निदान तोंड नाही.

तर वही, तुला खरं सांगते. पार्टीचा सगळा आटापिटा पोरासाठी नाही. केक कापल्यावर पहिला तुकडा पोर कोणाला देतं, ते सगळी आळी डोळे ताणून बघत असते. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्याला तो तुकडा. मला तो हवाय. चौतीस वर्षांची बाई केकच्या तुकड्यासाठी झुरतेय, हसावं की रडावं!

८ जानेवारी, गुरुवार

टँकरचा दिवस. तीन वर्षं पाऊस नाही, हौद भरायचा तर गुरुवारचा टँकर हाच देव. शाळेला सुट्टी, त्यामुळे रुआन सकाळपासून उंबऱ्यावर. टँकरवाले लोरिवालकाका साठीला आलेत, पण पोराने पाइप धरला तरी रागावत नाहीत. दोघांचं काहीतरी बोलणं चाललेलं असतं. मी ऐकायला जात नाही, माझे खिसे पडलेले असतात.

जेवताना विचारलं, पार्टी कशाची करायची? पलीकडच्या पोराची फुटबॉलची झाली, समोरच्या पोरीची राजकन्येची.

"टँकरची."

"कसल्या टँकरची?"

"पाण्याच्या. निळा. केकपण टँकरचा, आणि त्याला पाइप पाहिजे."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. किटेरियाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तुमचं पोर मोठेपणी ड्रायव्हर होणार, आत्तापासून लायसनचं बघा. मग हळूच म्हणाल्या, "पण सेलमा, केक नीट कर हो. सावत्र आईच्या केकला लोक दोनदा चाखून बघतात."

बाई मनाने वाईट नाहीत. जिभेला मात्र हाड नाही.

११ जानेवारी, रविवार

आज आंघोळीवरून मारामारी. हल्ली याने नवीन खूळ काढलंय. मगात अर्धंच पाणी घ्यायचं, तोंड-काखा ओल्या करायच्या आणि बाहेर यायचं. वर मला दाखवतो, "बघ मावशी, अर्ध्या मगात झाली!" मानेवर मळाच्या रेघा. मी धरला, बकोटीला धरून अख्खी बादली ओतली. असा रडला की जणू उकळतं पाणी ओतलं. वाया घालवलंस, वाया घालवलंस, एवढंच चाललेलं. आळशीपणाला काय काय सोंगं येतात!

संध्याकाळी पुन्हा बापाला विचारत होता, आई कधी येणार. जेनिवाल्दोने नेहमीचंच सांगितलं. मारिनेइदे, त्याची आई, पोर साडेतीन वर्षांचं असताना एका माणसाबरोबर साओ पाउलोला निघून गेली. दोन निरोप आले, मग नंबरच बंद. पोराला सांगायचं काय? तर बापाने सांगितलं, आई वर कोरड्या मुलखात कामाला गेलीय, तिथे प्यायलाही पाणी नाही, म्हणून लहान मुलांना नेत नाहीत. तिकडे पाणी आलं की येईल.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं नव्हतं वाटलं. पण नंतर तो रडायला लागला की मीसुद्धा तेच औषध पाजू लागले. फुकट मिळतं, लगेच गुण येतो. हळूहळू विसरेल. हल्ली पूर्वीइतकं विचारत नाही, हेच काय ते.

१३ जानेवारी, मंगळवार

जमवाजमव चाललीय. दुधाच्या पावडरचे दोन उंच डबे किटेरियाबाईंकडून आणले. त्यात केक भाजायचा, आडवे ठेवून एकमेकांना जोडायचे, झाली टँकरची टाकी. चाकांना चॉकलेटची गोल बिस्किटं. पाइपला सरबताची वाकडी नळी. निळा रंग तेवढा विकत. चॉकलेटच्या गोळ्या, ब्रिगादेइरो, त्याशिवाय आपल्याकडे पार्टी होत नाही, पण कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याला हात लावायची सोय नाही. दुधाची पावडर, साखर आणि गरम पाणी घोटून मीच करणार. पावात भरायला खिमा, त्यात बटाटा जास्त. गाजर म्हणाल तर तेही.

तोरणासाठी कापलेल्या खिशांचे तुकडे आहेत पोतंभर. दोऱ्यात ओवले आणि खोलीत लावून बघितले. सगळी भिंत निळी दिसली, पाण्यासारखी. रुआन बराच वेळ त्याखाली उभा होता. छान झालंय म्हणाला. मला म्हणाला!

१५ जानेवारी, गुरुवार

रुआनने लोरिवालकाकांना परस्पर आमंत्रण दिलं. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत यांचं ठरूनसुद्धा गेलं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं, म्हटलं, काका, पोराचं मनावर घेऊ नका, तुम्हाला कामं असतात. ते म्हणाले, "शनिवारी मोकळा आहे बाई. रविवारी पहाटे वरच्या वाड्यांना पाणी न्यायचं, तोवर मोकळाच. आणि मला आयुष्यात कोणी वाढदिवसाला बोलावलेलं नाही."

रुआनने लगेच विचारलं, वर तुम्ही दर रविवारी जाता? अगदी शेवटच्या वाडीपर्यंत? तिथल्या लोकांना ओळखता? काका हो हो करत होते. पोराला टँकरची सगळी माहिती हवी असते. हुशार आहे, कोणी काही म्हणो.

१९ जानेवारी, सोमवार

आज मी एक पाप केलं. पोराला शिकवायला गेले.

खिमा-पावाचे पाव कोणाकडून आणायचे ते बोलता बोलता म्हटलं, केक कापलास की पहिला तुकडा कोणाला द्यायचा ते ठाऊक आहे ना? ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव असेल त्याला. जो तुझ्यासाठी सगळं करतो, त्याला. एवढं बोलून मी मशीनच्या सुईत दोरा घालायला लागले, म्हणजे तोंड दिसू नये.

त्याने विचार केला. मग म्हणाला, "तो माणूस लांब असेल तर?"

मला वाटलं, बाप नेहमीसारखा पार दाराशी उभा राहील त्याचं म्हणतोय. म्हणजे बापाला देणार! पण चेहरा सरळ ठेवून म्हटलं, "लांब असला तर हातोहात पोचवायचा. त्यात काय?"

"चालतं?"

"न चालायला काय झालं?"

तो इतका खूश झाला की त्याने येऊन माझ्या पाठीला मिठी मारली. दीड वर्षात पहिल्यांदा, मी न मागता. सुई बोटात गेली, पण हूं की चूं केलं नाही. आता मला वाटतंय, लांबच्या माणसाचं त्याने उगीच माझी गंमत करायला काढलं. तुकडा माझाच.

२३ जानेवारी, शुक्रवार

केक झाला. एक डबा मधे फुगून फाटला, तिथे निळं क्रीम थापलं. चाकं बसवायला रुआनला घेतलं. सहा लावली त्याने, चारावर थांबायला तयार नाही. वरचा रस्ता खराब आहे म्हणे. किटेरियाबाई ब्रिगादेइरो वळायला आल्या होत्या. एक तोंडात टाकून म्हणाल्या, यात कंडेन्स्ड मिल्क नावालासुद्धा नाही, पण कोणाच्या बापाला कळणार नाही. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पदक मिळालं.

उद्या मी लिंबाच्या रंगाचा ब्लाउज घालणार. लग्नानंतर घातलेला नाही.

२४ जानेवारी, शनिवार

आज नाही लिहिणार.

२५ जानेवारी, रविवार

आज मशीनला हातच लावला नाही. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पार्टी छान झाली, हे आधी लिहून ठेवते. बावीस पोरं आली, पाव पुरले, कोणाला कमी पडलं नाही. लोरिवालकाका धुतलेला सदरा घालून टँकर घेऊनच आले आणि आळीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत आले. पोरं वेडी झाली. गाणं म्हटलं, टाळ्या झाल्या, रुआनने मेणबत्त्या विझवल्या. मी त्याच्या उजव्या हाताला उभी, सुरीवर त्याच्या हातावर माझा हात. टाकीच्या मधोमध कापलं. सगळी बायामाणसं ओरडायला लागली, पहिला तुकडा कोणाला, पहिला कोणाला? किटेरियाबाईंनी मला कोपराने ढोसलं.

त्याने कागदी ताटलीत तुकडा ठेवला, वर दोन चाकं लावली. ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्याकडे वळला. माझा हात पुढे गेला होता. तो बाजूने गेला. बापाच्याही पुढून गेला. दाराशी उभ्या लोरिवालकाकांसमोर जाऊन थांबला. सगळे हसले, कोणीतरी म्हणालं, पाणी देणाऱ्यालाच पहिला मान, बरोबर आहे! मीसुद्धा हसले. पुढे गेलेला हात तसाच टेबलावर नेऊन चुरा पुसायला लागले.

मग तो बोलला. मोठ्याने नाही, पण तोवर सगळे गप्प झाले होते.

"हा माझ्या आईला द्या. तुम्ही उद्या वर जाता ना पाणी घेऊन. तिला सांगा, रुआन सहा वर्षांचा झाला. आणि सांगा, मला आता अर्ध्या मगात आंघोळ जमते. मी तिथे राहू शकतो."

काकांनी टोपी काढली. माझ्याकडे बघितलं, मग जेनिवाल्दोकडे. आळीत सगळ्यांना ठाऊक आहे मारिनेइदे कुठे आहे, त्यांनाही असणार. जेनिवाल्दो जमिनीकडे बघत होता. काका म्हणाले, "नेतो."

कागदी ताटली टँकरमध्ये टिकली नसती. माझा झाकणाचा चांगला डबा आहे, लग्नात मिळालेला. मीच त्यात तुकडा ठेवला, चाकं मोडू नयेत म्हणून बाजूला पाव खोचला, झाकण दाबून लावलं. रुआन बघत होता. म्हणाला, नीट धरा काका, आडवा करू नका.

ती बादली मी ओतली होती त्याच्या डोक्यावर. देवा, ती बादली! वाया घालवलंस म्हणत होता आणि मी आळशी म्हणत होते. टँकर, पाइप, शेवटची वाडी, लांब असेल तर. सगळं माझ्या समोर चाललं होतं आणि मी ब्लाउजचा विचार करत होते.

आज सकाळी जेनिवाल्दोला म्हटलं, पोराला खरं सांग. तो म्हणाला, लहान आहे, विसरेल. मी म्हटलं, विसरतोय कुठे, तो तर गाडी बांधतोय तिकडे जायला! तेव्हा तो खाली बसला आणि त्याने ते निळे हात तोंडावर धरले. तसाच म्हणाला, "तिने याला नको म्हटलं हे मी कोणत्या तोंडाने सांगू?" मला त्याच्यावर ओरडायचं होतं, ओरडता आलं नाही. मी तरी कोण मोठी सत्यवादी? दीड वर्ष तेच औषध मीही पाजलंय.

२९ जानेवारी, गुरुवार

चार दिवस रुआन टँकरची वाट बघत होता. आज आला. काकांनी पाइप सोडायच्या आधी सीटवरून माझा डबा काढला, घासून लख्ख केलेला. मला हळूच म्हणाले, "केक नातवंडांनी संपवला. रिकामं भांडं परत देऊ नये, बायकोने भरलंय." आत उंबू होते, हिरवे, आंबटगोड, नुकते झाडावरून उतरवलेले.

रुआनने झाकण उघडलं. "आईने दिले?"

काका म्हणाले, वरून आलेत. आणि पाइप ओढायला गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय दोष देऊ?

त्याने एकही उंबू खाल्ला नाही, कोणाला खाऊही दिला नाही. डबा मांडीवर घेऊन दिवसभर बसलाय. किती सुंदर हसतोय. या घरात मी त्याला असं हसताना पाहिलेलं नाही. आणि हे मलाच मोडायचंय. जेनिवाल्दो मोडणार नाही, आणि राहू दिलं तर पुढच्या गुरुवारी हा टँकरमध्ये चढून बसेल.

३० जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

जेनिवाल्दो कामावर गेल्यावर हौदाच्या झाकणावर बसवलं त्याला. डबा होताच बरोबर. मनात बरंच जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आलं नाही. सरळ म्हटलं, "रुआन, तुझी आई वर नाहीये. टँकर जातो तिथे ती कधीच नव्हती. ती साओ पाउलोला आहे, खूप लांब. आम्ही तुला खोटं सांगितलं. बाबाने, आणि मीपण."

"तिथे पाणी आहे?"

"आहे."

"मग मला का नाही नेलं?"

"मला माहीत नाही." दीड वर्षात त्याला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर असेल.

मला वाटलं ओरडेल, मला मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मग केक कोणी खाल्ला?"

"लोरिवालकाकांच्या नातवंडांनी."

"चाकंपण?"

"चाकंपण."

मान हलवली. डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, उंबू तुझे आहेत, खा ना. तर म्हणाला, नकोत, तू खा. दिवसभर माझ्या मशीनखाली कापलेल्या खिशांच्या ढिगात पडून होता. मी पायडल हळू दाबत होते, त्याला लागू नये म्हणून.

संध्याकाळी आंघोळीला नेलं. पूर्ण बादली भरली. त्याने अडवलं नाही, अर्धा मग मागितला नाही, मुकाट उभा राहिला आणि मी डोक्यावरून पाणी सोडत राहिले. डोळे चोळायला लागला, म्हणाला साबण गेला. साबण मी अजून लावलाच नव्हता. मी म्हटलं, हो रे, फार झोंबतो मेला.

अंग पुसताना म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी पण पहिला तुकडा तिलाच."

"बरं."

"साओ पाउलोला बस जाते ना?"

"जाते. तीन दिवस लागतात."

"मग पुढच्या वर्षी बसचा केक कर."

मी बरं म्हटलं. त्याची पाठ पुसली, चड्डी घातली, केस विंचरले. बस सोपी असते, चौकोनी. ट्रे घरात आहे.